पर्यावरणाच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे वर्षातून चार वेळा महाराष्ट्रातील हजारो निरीक्षण-विहिरींवर जातात, पाण्याची पातळी मोजतात आणि तिची नोंद करतात. १९७२ साली स्थापन झालेल्या या यंत्रणेचे हे काम अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासते, हवामान खाते पाऊस मोजते, जलसंपदा विभाग धरणांतील साठा मोजतो. मोजमापाच्या बाबतीत आपले शासन आळशी आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो मोजून झाल्यानंतरचा. या नोंदी कोठे जातात, कोणाच्या हाती पडतात, किती दिवसांनी पडतात आणि पडल्याच तर सामान्य सुशिक्षित माणसाला उलगडण्याजोग्या असतात काय, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. धरण, कारखाना, खाण यांवरून वाद पेटला की दोन्ही बाजू आकडे फेकू लागतात. ते आकडे मुळात कोणाचे, असे विचारण्याचे मात्र दोघांनाही सुचत नाही.

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक वर्गीकरण विद्यार्थ्यांना आरंभीच शिकवले जाते. भाकरी एकाने खाल्ली की ती दुसऱ्याला उरत नाही. दीपस्तंभाचा प्रकाश मात्र एका गलबताने पाहिला म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. पर्यावरणाच्या नोंदी या दुसऱ्या जातीच्या आहेत. विहिरीची पातळी मोजण्यास खर्च येतो व तो करदात्याने दिलेला असतो. पण मोजलेला आकडा एकाने वाचला काय किंवा दहा हजारांनी वाचला काय, जादा खर्च जवळजवळ शून्य. अशी वस्तू कपाटात बंद ठेवण्याला काटकसर म्हणता येणार नाही. तो झालेला खर्च वाया घालवण्याचा प्रकार होय.

याचे प्रत्यंतर पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे उदाहरण बोलके आहे. या उपग्रहांनी टिपलेली भूपृष्ठाची चित्रे पूर्वी विकत घ्यावी लागत आणि एकेका चित्रास शेकडो डॉलर मोजावे लागत. २००१ साली विक्रीचा उच्चांक झाला, तो सुमारे २५ हजार चित्रांचा. २००८ साली ही चित्रे विनामूल्य करण्याचा निर्णय झाला आणि थोड्याच काळात वर्षाकाठी लक्षावधी चित्रे वापरली जाऊ लागली. उपग्रह तेच आणि चित्रेही तीच होती. दरवाजा तेवढा उघडला. जगभरातील जंगलांची घट, सरोवरांचे आटणे आणि शहरांचे पसरणे यांवरील कितीतरी अभ्यास त्यानंतरच शक्य झाले.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ संशोधकांच्या सोयीचा नाही. मराठवाड्यातील शेतकरी कर्ज काढून कूपनलिका खोदतो तेव्हा भूगर्भात काय आहे याविषयी त्याच्यापाशी पाणाड्याच्या शब्दाखेरीज फारसा आधार नसतो. शेजाऱ्याची कूपनलिका कोरडी पडली की तो आणखी खोल जातो, आणि पुढच्या वर्षी दोघांच्याही कोरड्या पडतात. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरांहून खोल जाण्यास प्रतिबंध केला आहे. परंतु ज्याला मनाई करावयाची त्याच्या गावातील निरीक्षण-विहिरीची वीस-पंचवीस वर्षांची हकीकत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कोठे लिहिलेली दिसते? जाहीर चर्चेत येते ती बहुधा तालुक्याची सरासरी, आणि सरासरीने कोणाची घागर भरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते संकट एका रात्रीत उद्भवलेले नव्हते. भूजल वर्षानुवर्षे खाली जात असते आणि कोणी तरी ते वर्षानुवर्षे लिहूनही ठेवीत असते.

कायदा आहे, कालमर्यादा नाही

या बाबतीत आपले कायदे मागासलेले आहेत असे मुळीच नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने कारखान्यांना सांडपाणी सोडण्यासाठी घातलेल्या अटींची नोंदवही राज्य मंडळांनी ठेवावी आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कोणाही माणसाला ती पाहू द्यावी, असे सांगितले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम त्याहून पुढे जाते. लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी इतकी माहिती प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करीत राहावे आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे ते कलम म्हणते. त्यानंतर २०१२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण धोरण जाहीर केले. सार्वजनिक पैशातून जमा झालेली आणि संवेदनशील नसलेली माहिती, यंत्रावर वापरता येईल अशा रूपात लोकांना उपलब्ध करून द्यावी, हे त्याचे सार.

मग अडते कोठे? अडते ते उत्तरदायित्वापाशी. माहिती अधिकारात मागितलेली माहिती अधिकाऱ्याने विनाकारण नाकारली तर त्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु चौथ्या कलमानुसार जी माहिती न मागता प्रसिद्ध करावयाची ती केली नाही, तर त्या दंडाची तरतूद लागू होत नाही. २०१२ चे धोरण तर धोरणच आहे. तो कायदा नव्हे. परिणामी देणाऱ्याला न देण्याची शिक्षा नाही आणि दिल्याचे बक्षीसही नाही. प्रसिद्ध केलेल्या आकड्यावरून उद्या विधिमंडळात प्रश्न निघण्याची भीती तेवढी आहे. अशा स्थितीत कोणताही शहाणा अधिकारी फाईल बासनात बांधून ठेवील, त्यात नवल ते काय? दोष व्यक्तींचा कमी आणि प्रलोभनांच्या रचनेचा अधिक आहे.

या रचनेची किंमत किती मोठी असते हे पश्चिम घाटाच्या प्रकरणात दिसले. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समिती २०१० साली नेमली गेली आणि तिने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला. सहा राज्यांतील कोट्यवधी लोकांच्या पाण्याशी, शेतीशी व रोजगाराशी संबंध असलेला हा अहवाल पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला नाही. तो अद्याप विचाराधीन असल्याची सबब देण्यात आली. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो जाहीर करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मे महिन्यात मंत्रालयाचे म्हणणे फेटाळले आणि मग कोठे अहवाल लोकांपुढे आला. मधल्या जवळजवळ नऊ महिन्यांत घाटातील गावागावांत अफवांना मोकळे रान मिळाले. अहवालातील शिफारशी स्वीकारावयाच्या की नाकारावयाच्या, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु न वाचलेल्या अहवालावर मते बनली, ती पक्की झाली, आणि पुढील चर्चा त्या पूर्वग्रहांतून बाहेर पडू शकली नाही. माहिती दडपल्याने विरोध टळत नाही. तो अज्ञानाच्या पायावर उभा राहतो, एवढेच.

अट पैशाबरोबरच हवी

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. कारखान्यात कोणते रसायन किती साठवले आहे हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नव्हते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही वायूविषयी पुरेशी माहिती मिळत नव्हती. या दुर्घटनेनंतर आपण १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा केला. तो मुख्यतः शासनाला अधिकार देणारा होता. त्याच वर्षी, आणि मोठ्या प्रमाणात भोपाळच्याच धक्क्याने, अमेरिकेने नागरिकांना जाणण्याचा हक्क देणारा कायदा केला. कारखान्याने कोणते विषारी द्रव्य किती बाहेर सोडले याचा हिशेब त्यानुसार दरवर्षी द्यावा लागतो व तो सर्वांसाठी खुला असतो. मेली ती आपली माणसे. त्यातून माहितीचा धडा घेतला तो दुसऱ्यांनी.

त्याच देशातील महासागर व वातावरण प्रशासनाचा एक नियमही ध्यानात घेण्यासारखा आहे. या संस्थेकडून अनुदान घेणाऱ्याने नोंदी कशा जतन करणार व कशा खुल्या करणार याचा आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो. आणि जमा झालेल्या नोंदी, इतरांना स्वतंत्रपणे समजतील अशा रूपात, सामान्यतः दोन वर्षांच्या आत उपलब्ध कराव्या लागतात. येथे माहिती देणे ही कामाची अट आहे, कामानंतरचा उपकार नाही. अर्थात अमेरिकेतही सारे आलबेल नाही. अब्जावधी डॉलरच्या हानीच्या आपत्तींची जी सूची ही संस्था ठेवीत असे, ती यापुढे अद्ययावत केली जाणार नाही असे २०२५ मध्ये जाहीर झाले. कार्यालयाच्या मर्जीवर सोडलेली नोंद मर्जी फिरली की थांबते, हाच याचा अर्थ. म्हणून अनुदानाच्या अटीला कायद्याचाही आधार हवा.

आक्षेप आणि उत्तरे

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला राष्ट्रीय सुरक्षेचा. सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांतील जलमापनाच्या नोंदी केंद्र सरकार गोपनीय मानते, कारण त्या नद्या शेजारी देशांशी निगडित आहेत. त्याचे समर्थन एक वेळ समजू शकते. परंतु गोदावरी, कृष्णा, तापी यांना हे कारण लागू नाही आणि केंद्राच्या धोरणानेही तसे मानलेले नाही. तेव्हा निदान महाराष्ट्राला तरी या सबबीच्या आड जाता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, अपुऱ्या माहितीचा लोक विपर्यास करतील. काही जण करतीलही. त्यावर उपाय आहे तो आकड्याबरोबर तो कसा, कोठे व केव्हा मोजला हेही सांगण्याचा. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. ही संख्या लाजिरवाणी खरी. पण ती जाहीर झाली म्हणूनच राज्याला जाब विचारता आला. आकाश कोसळले नाही. शिवाय अनेकांनी तपासलेल्या आकड्यातील चुका लवकर सापडतात, हा लाभ वेगळाच.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो खरा आहे. जुन्या वह्या तपासून, जुळवून, यंत्रावर चढवणे हे कारकुनाने इतर कामे सांभाळून करण्याचे काम नव्हे. त्यासाठी वेगळा पैसा व वेगळी माणसे द्यावी लागतील. मोजण्यावर खर्च करावयाचा आणि मोजलेले जतन करण्यावर करावयाचा नाही, हे पेरणी करून कापणीला मजूर न लावण्यासारखे आहे.

भाषेचा मुद्दाही गौण नाही. पर्यावरणीय परवानगीच्या नियमांचा नवा मसुदा केंद्राने २०२० साली काढला तेव्हा तो हिंदी व इंग्रजीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत आणण्यास सांगितले, तर मंत्रालयाने त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्याच्या शेतालगत खाण येणार त्याला तिचे परिणाम त्याच्या भाषेत सांगण्यास शासन नाखूश असेल, तर जनसुनावणी हा उपचारच ठरतो.

तेव्हा करावयाचे काय? राज्य सरकारने स्वतःपासून आरंभ करावा. पाणी, हवा, जंगल व जमीन यांसंबंधी सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक मोजमापास प्रसिद्धीची मुदत घालून द्यावी: नित्याच्या नोंदींना काही आठवडे, अभ्यास-प्रकल्पांना जास्तीत जास्त दोन वर्षे. प्रत्येक खात्यात यासाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार धरावा आणि मुदत चुकल्यास माहिती नाकारल्याइतकाच दंड त्याला लागू करावा. जे गोपनीय ठेवावयाचे त्याची यादी कारणांसह जाहीर करावी. यादीत नसलेले सारे खुले. प्रकल्पाचा शेवटचा हप्ता नोंदी सुपूर्द झाल्यावरच द्यावा. आणि गावाशी संबंधित आकडे मराठीतून ग्रामसभेपुढे वाचले जावेत.

यातील एकाही गोष्टीसाठी परकीय तंत्रज्ञानाची वा मोठ्या कर्जाची गरज नाही. शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील विद्यार्थी आणि कार्यालयातील कारकून यांनी आपापल्या तालुक्यातील विहिरींचे व नदीचे आकडे मागण्यास प्रारंभ केला, तर ही मागणी शासनाला फार काळ दूर लोटता येणार नाही. पाणी कोणाचे, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो आहोत. ते किती उरले आहे, हे तरी सर्वांना सारखेच कळू द्या.