मधल्या सुट्टीतील तायक्वांदो

शाळेच्या स्मरणिकेत कोरियन युद्धकलेवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही धम्मबांधवांच्या मनात येईल. येऊ द्यावा. ज्या संस्थेत मुले केवळ शिकत नाहीत, तर राहतात, जेवतात आणि वाढतात, तेथे शरीराच्या शिक्षणाचा विचार पाठ्यपुस्तकांइतक्याच गांभीर्याने व्हावा, असे आम्हांस वाटते.

युरोप-अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत दुपारच्या जेवणाच्या वेळेत तायक्वांदोचे वर्ग भरतात. ते विद्यार्थ्यांसाठी असतात तसेच कर्मचाऱ्यांसाठीही असतात. एखादे सभागृह रिकामे करायचे, पादत्राणे दाराशी काढायची, पांढरा 'दोबोक' चढवायचा आणि रांगेत उभे राहायचे. रांग लागते ती कमरेच्या पट्ट्याच्या रंगाप्रमाणे. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा आणि शेवटी काळा. कालच दाखल झालेला विभागप्रमुख शेवटच्या रांगेत असतो. त्याच्या पुढे दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असू शकते आणि सर्वांत पुढे कार्यालयातील एखादा शिपाई. पाऊण तासाने सारे घाम पुसून आपापल्या कामाला लागतात. अशी पद्धत नाशिकच्या महाविद्यालयांत आणि आपल्या वसतिशाळांत सुरू व्हावी, असे आमचे मत आहे. नाशकात विद्यापीठे आहेत खरी. पण 1989 चे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ काय किंवा 1998 चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ काय, त्यांचे विद्यार्थी राज्यभर विखुरलेले असतात. त्यामुळे कर्मचारी आणि विद्यार्थी एका रांगेत उभे करायचे तर ते महाविद्यालयांतच शक्य आहे, आणि वसतिशाळेत त्याहून सोपे आहे.

जेवणाच्या वेळेचाच आग्रह का? कारण आपल्या समाजात जेवणाची वेळ ही सर्वांत बोलकी वेळ असते. कोणत्याही कार्यालयात किंवा शिक्षककक्षात दुपारी डोकावून पाहावे. कोण कोणाशेजारी डबा उघडतो, कोणाची भाजी पुढे सरकते आणि कोणाची जागच्या जागी राहते, शिपाई कोठे बसतो, झाडलोट करणारी बाई कोठे जेवते, हे पाहिले की राज्यघटना स्वीकारून इतकी वर्षे झाल्यावरही काय उरले आहे ते ध्यानात येते. उघडपणे कोणी काही बोलत नाही, आणि म्हणूनच त्यावर बोट ठेवता येत नाही. केवळ सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्पष्ट केले होते. पाऊण तास एकमेकांच्या मनगटाला धरून तोल सावरण्यानेही ती मोडणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि स्पर्शाची सवय लागते. ज्या समाजाने स्पर्शालाच गुन्हा ठरवले, तेथे ही सवय क्षुल्लक नव्हे.

शरीरबळाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1892 नंतर महारांची लष्करभरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर अल्पावधीत मोडलीही. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941 रोजी. अर्ज करावा लागत होता तो केवळ नोकरीसाठी नव्हे. शस्त्र धरणारा हात हा माणसाचा हात आहे, एवढे मान्य करून घेण्यासाठी होता.

आणि नाशिककरांना तर काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवावा. 2 मार्च 1930 रोजी तो सुरू झाला. त्याच वर्षीच्या रामनवमीला दोन्ही बाजूंच्या बळकट तरुणांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात अस्पृश्य तरुणांचा हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळवण्यात आला आणि दगडांचा वर्षाव झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील ते सत्याग्रही दुबळे होते म्हणून शांत राहिले, असे कोणी समजू नये. अंगात बळ असून हात आवरणे ही शिस्त आहे, आणि ती शिकवावी लागते. तायक्वांदोत हे फार चांगले शिकवतात. जोडीदाराच्या छातीपासून बोटभर अंतरावर लाथ थांबवता येणे, हे लाथ मारण्यापेक्षा अवघड असते.

आता अहिंसेचा आक्षेप. बौद्ध संस्थेत मारामारीचे शिक्षण कसे, असे विचारणारे बहुधा बाबासाहेबांचा ग्रंथ कपाटात ठेवणारे असतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट भेद केला आहे. इसवी सन 600 च्या सुमारास कोरियातील सिला राज्यात वोनग्वांग नावाच्या भिक्खूने दोन तरुणांना गृहस्थांसाठी पाच नियम सांगितले. त्यांतील पाचवा असा, की जीव घेताना विवेक करावा. आम्हांस हा नियम तथागतांच्या पहिल्या शीलापेक्षा उणा वाटतो, आणि त्यांतील एक नियम तर राजनिष्ठेचा आहे. परंतु हा प्रश्न भिक्खूंसमोरही उभा राहिला होता, एवढे त्यावरून दिसते.

याचा अर्थ तायक्वांदो ही बौद्ध कला आहे असा कोणी काढू नये. आपल्या गोटातही असे उत्साही लेखक आहेत, म्हणून सांगणे भाग आहे. 'तायक्वांदो' हे नाव 1955 मध्ये सुचवले गेले. त्यात पुढाकार होता जनरल चोई होंग ही या लष्करी अधिकाऱ्याचा, आणि तो स्वतः जपानमध्ये कराटे शिकला होता. दोन हजार वर्षांची अखंड परंपरा वगैरे सांगितले जाते, ते जपानी गुलामीतून 1945 मध्ये सुटलेल्या राष्ट्राच्या अस्मितेचे बोलणे आहे. पराभूतांना इतिहास लागतो. आम्ही त्यांना दोष देत नाही. मात्र शब्दांचे नाते खरे आहे. 'ते' म्हणजे पाय, 'क्वान' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. आर्य अष्टांगिक मार्गाला कोरियन बौद्ध 'पाल्जोंगदो' म्हणतात, त्यातला 'दो' हाच. सरावाच्या जागेला 'दोजांग' म्हणतात. तो शब्द ज्या दोन चिनी अक्षरांत लिहितात, तीच अक्षरे चिनी भाषांतरकारांनी 'बोधिमंड' या शब्दासाठी योजली होती.

चोई यांच्या पद्धतीतील अठ्ठावीस हालचालींच्या एका सरावक्रमाला 'वोन-ह्यो' हे नाव आहे. वोनह्यो (617–686) हा थोर बौद्ध आचार्य. चीनला निघाला असता रात्री अंधारात तहान भागवण्यासाठी त्याने गोड लागलेले पाणी प्यायले. सकाळी पाहतो तो ते कवटीत साचलेले. पाणी तेच, बदलले ते मन, हे उमगून तो माघारी फिरला, अशी कथा आहे. सराव-पुस्तिकांत मात्र त्याने 686 मध्ये सिला राज्यात बौद्ध धम्म आणला असे छापलेले असते. ते चूक आहे. ते त्याच्या निधनाचे वर्ष. सिलाने बौद्ध धम्माला राजमान्यता दिली ती 527 मध्ये. आपल्या मुलांनी हालचाली शिकाव्यात, सनावळी आमच्याकडून घ्यावी.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखर अडवतो. पट्ट्यांची ही उतरंड म्हणजे पुन्हा श्रेणीबद्ध विषमताच नव्हे काय? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे मर्म याच शब्दांत सांगितले. उत्तर असे, की हा पट्टा जन्माने मिळत नाही, वारशाने जात नाही आणि प्रत्येकाला पांढऱ्यापासूनच आरंभ करावा लागतो. नमस्कारही येथे दुहेरी असतो. शिष्य कमरेत वाकतो आणि गुरूही वाकतो, कोणी कोणाच्या पायावर डोके ठेवत नाही. आम्हांस हे अतिशय आवडते. पण पट्टा विकत मिळू लागला की सारे उत्तर कोसळते. दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेला शुल्क आणि सातवीतल्या मुलाला काळा पट्टा, असा धंदा शहरोशहरी चालतो. शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रे सादर झाल्याची प्रकरणेही महाराष्ट्राने पाहिली आहेत. म्हणून आपल्याकडे शिकवणारा नेमताना त्याच्या भिंतीवरील चौकटी मोजू नयेत. त्याचे विद्यार्थी एकमेकांशी कसे वागतात ते पाहावे. मुलींसाठी शासनाच्या स्वसंरक्षण योजनेत तीन महिन्यांचे प्रशिक्षण असते. ते घ्यावे, पण तीन महिन्यांत केवळ उभे कसे राहावे एवढेच येते.

राहिला वेळेचा प्रश्न. आपल्याकडे कार्यालयात जेवणासाठी अर्धा तास मिळतो. त्यात कपडे बदलणे, सराव आणि जेवण बसत नाही. यासाठी आठवड्यातून दोनच दिवस ठेवावेत, त्या दिवशी सकाळी अर्धा तास आधी यावे, आणि जेवण सरावानंतर करावे. भरल्या पोटी उड्या मारणे वैद्यकीयदृष्ट्याही बरे नव्हे. वसतिशाळेत अडचण वेगळी आहे. दुपारी सारे मोकळे असतात, तेव्हा स्वयंपाकघरातील बाया मात्र कामात असतात, आणि त्यांना वगळून भरवलेला वर्ग आम्हांस मान्य नाही. त्या दोन दिवशी वाढपाचे आणि भांडी घासण्याचे काम शिक्षकांनी आळीपाळीने घ्यावे. मुख्याध्यापकांची पाळी पहिल्या आठवड्यात लावावी.