रेघ थकते तेव्हा

आमच्या शेजारचा एक मुलगा ॲनिमेशनच्या स्टुडिओत कामाला आहे. लहानपणी कोळशाने भिंती रंगवणारा हा पोरगा परवा आम्हाला म्हणाला, ‘‘काका, सहा महिन्यांत स्वतःसाठी एक रेघ ओढली नाही. काम सोडावंसं वाटतं.’’ त्याची आई म्हणाली, ‘‘खुर्चीवर बसून चित्रं तर काढायची, त्यात कसला शीण?’’

आम्ही पडलो कारकून. कागद घेऊन हिशेब मांडला. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे, मिनिटाला ७२०. दहा मिनिटांच्या गोष्टीला ७,२००! संगणक आला तरी पात्राची नजर कुठे वळावी, पाऊल किती जड पडावे, हे माणसालाच ठरवावे लागते. आई गप्प झाली.

वाचकहो, हा शीण खोटा नाही. जपानचे योशिफुमी कोन्दो हे नामवंत ॲनिमेशन कलावंत. १९९५ साली त्यांनी पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केला आणि जानेवारी १९९८ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी ते गेले. अतिश्रम हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तो चित्रपट शेवटचाच ठरला. उलट वॉल्ट डिस्ने १९३१ साली कामाच्या ताणाने खचले, तेव्हा ते पत्नीसह लांबच्या प्रवासाला गेले आणि परतल्यावर त्यांनी नियमित व्यायाम धरला. त्यांचे मोठे चित्रपट त्यानंतरचेच आहेत.

परंतु डिस्ने मालक होते. आपल्या मुलाला रजा मागावी लागते. म्हणून आम्ही त्याला सांगितले : रोजचे तास वहीत लिही. हिशेब केल्याशिवाय तारीख कबूल करू नकोस. चार सहकारी मिळून साहेबांशी बोला. एकट्याचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही. अवघड प्रसंगानंतर सोपा प्रसंग हाती घे. सुट्टीच्या दिवशी स्टेशनवर बसून माणसे कशी चालतात ते नुसते बघ. रोज दहा मिनिटे स्वतःसाठी चित्र काढ, ते कुणाला दाखवायचे नाही. झोपच उडाली असेल तर डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस.

घरच्यांनीही ‘नुसती चित्रं’ म्हणणे सोडावे. गेल्या रविवारी त्याच्या आईने त्याला दुपारपर्यंत झोपू दिले. उठल्यावर त्याने तिचेच चित्र काढले, भाकरी थापताना. हात अजून जिवंत आहे. तो जपू या.