खोक्यावरचे वॅट नको, पानावरचा उजेड मोजा

कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. तिथे घरात दिव्याखाली झाडे वाढवणारे पुष्कळ. सोडियमचा दिवा घेताना स्वस्त; पण ६०० वॅटचा दिवा रोज १२ तास जळला की ७.२ युनिट खातो, वर खोली तापवतो. एलईडी महाग, पण चांगला असेल तर तेवढ्याच विजेत पानांना जास्त उजेड देतो. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप, झाडाचे नव्हे. एका युनिटमागे पानावर उजेड किती, हाच खरा भाव.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने विनापरवाना गांजा लावणे गुन्हा आहे. आपल्या कपाशी-ज्वारीला सूर्य बिल पाठवत नाही. बियाणे, खत, फवारणी पाठवतात. त्यांनाही आपण हेच विचारू : रुपयामागे पदरात काय?