निर्वासितांच्या वस्तीतही जात!

दिलीपकुमार-वैजयंतीमालाचा ‘मधुमती’ (१९५८) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची कथा लिहिणारे ऋत्विक घटक १९२५ साली ढाक्याला जन्मले. फाळणीने त्यांची जन्मभूमी परदेश झाली. ते दुःख त्यांनी चित्रपटांतून मांडले. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायलाही होते. त्यांचा ‘सुवर्णरेखा’ (१९६५) हा बंगाली चित्रपट घरातल्या मोठ्यांनी तरी जरूर पाहावा.

सुरुवातीलाच कलकत्त्यातली निर्वासितांची वस्ती दिसते. नाव ‘नवजीवन’. तिथे कौशल्या नावाची बाई मुलाला घेऊन येते, आसरा मागते. वस्तीवाले तिला काय विचारतात? जिल्हा कोणता! काल स्वतः बेघर झालेली माणसे आज दुसऱ्याचे दार अडवतात. जमीनदाराची माणसे तिला गाडीत कोंबून नेतात. मागे राहिलेल्या अभिरामला ईश्वर आपल्या लहान बहिणीबरोबर, सीतेबरोबर वाढवतो, शिकवतो.

ईश्वर माणूस वाईट नव्हे. नोकरीसाठी तो सुवर्णरेखा नदीच्या काठी येतो. मुले मोठी होतात, एकमेकांवर जीव जडतो. आणि एक दिवस रेल्वे स्टेशनवर मरायला टेकलेली एक बाई दिसते. अभिराम ओळखतो, ही आपली आई! ती बागदी, म्हणजे बंगालमधल्या अनुसूचित जातीची. झाले! ईश्वरचा मालक सोवळा, भागीदारी मिळायची वेळ आलेली. पोटच्या पोरासारखा वाढवलेला अभिराम जावई म्हणून चालत नाही. मीही कारकुनी करतो. मालकाची भीती मला कळते. पटत मात्र नाही.

सीता लग्नाच्या दिवशी घर सोडून अभिरामकडे जाते. कलकत्त्यात तो बस चालवतो. गाडीखाली एक मूल येते, जमाव त्याला ठार मारतो. पोटासाठी सीतेवर नको ती वेळ येते आणि पहिल्याच रात्री दारात उभा राहतो तो दारूच्या नशेतला ईश्वर! सीता विळीने जीव देते.

योगायोग फार झाले, असे काही टीकाकार म्हणाले. मला तसे वाटत नाही. त्या रात्री ईश्वर कोणत्याही दारात गेला असता, तरी आत कुणाची तरी बहीणच असती.

शेवटी सीतेचा लहानगा बिनू मामाबरोबर नदीकडे निघतो. नवे घर कुठे आहे, हे त्याला हवे असते. सीतेलाही लहानपणी हेच हवे होते. या वेळी ईश्वर पोराच्या बापाची जात काढत नाही.