अर्धवट राहिलेले शेक
कर्करोगाचे किरणोपचार, मराठवाड्यातल्या बोलण्यात ‘शेक’ किंवा ‘लाईट’, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच ते सात आठवडे चालतात. तोंडाच्या कर्करोगाला साधारण ३० ते ३५ शेक लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला बाहेरून २५ आणि शिवाय आतून द्यायचे काही, तेही सगळे आठ आठवड्यांच्या आत. मशीनवर जेमतेम पंधरा मिनिटे जातात. जड जातो तो बाकीचा दिवस.

लातुरात विवेकानंद कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. पण देवणी-जळकोटकडच्या खेड्यातून रोज यायचे म्हणजे दिवस एसटीत जातो आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, बुडालेली मजुरी निघत नाही. दसरा-दिवाळीला तर सोयाबीन काढणीला आलेले असते आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, मऊ भातही गिळवत नाही. शेकांनीच आजार वाढला, असे घरच्यांना वाटू लागते. याहून घातक उलटा प्रकार. गर्भाशयमुखाच्या रुग्णाचे अंगावरून जाणारे रक्त थांबते, दुखणे कमी होते, आणि बाई बरी झाली म्हणून तिला घरी नेतात. आतले शेक राहूनच जातात. सणाला चार दिवस म्हणून गेलेल्यांचेही तसेच. शेक नेमके कुठे द्यायचे ते दाखवणाऱ्या, कातडीवर शाईने आखलेल्या खुणा तेल-उटण्याच्या अंघोळीत पुसल्या की पुन्हा आखणी करावी लागते.

खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना वाढायला वेळ मिळतो. साधारण चौथ्या आठवड्यापासून त्या अधिक वेगाने वाढतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला, तरी रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते.

शेक अर्धवट सोडणाऱ्या रुग्णांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आसरा देते. तशी राहण्या-जेवण्याची सोय हा उपचाराचाच भाग धरायला हवा. तोंडाच्या जखमांवर बधिर करणारे औषध मिळते, गिळता येईना तर नाकातून नळी घालता येते. हुकलेले शेक बऱ्याचदा शनिवारी, किंवा किमान सहा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा देऊन भरून काढता येतात. त्यासाठी रुग्ण एक दिवस आला नाही, की दुसऱ्याच दिवशी रुग्णालयातून त्याच्या घरी फोन गेला पाहिजे.