आकडा ७३०, भट्टी ७६०

अंधेरीच्या सीप्झमधून परदेशी जाणारे ओतकामाचे दागिने आधी मेणात घडतात. मेणाच्या नमुन्याभोवती जिप्समचा साचा भरायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले सोने ओतायचे, अशी ही रीत. साचा साधारण ७३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ७५० अंशांच्या पुढे जिप्समचे विघटन होऊ लागते, गंधकाचे वायू सुटतात आणि दागिन्यावर बारीक छिद्रे पडतात. कारागिराच्या हाती मोकळीक उरते जेमतेम २० अंशांची. ती सांभाळतात थर्मोकपलच्या दोन तारा.

दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवले, की दुसऱ्या टोकाशी सूक्ष्म विद्युतदाब मिळतो. थॉमस सीबेक यांना हा परिणाम १८२१ मध्ये दिसला. भट्ट्यांमध्ये सर्रास दिसणारा ‘के’ प्रकार क्रोमेल आणि अल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंचा असतो. ७३० अंशांना तो देतो सुमारे ३० मिलिव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या दाबाचा पन्नासावा हिस्सा. नव्या, दुसऱ्या श्रेणीच्या थर्मोकपललाही या तापमानाला साडेपाच अंश इकडे-तिकडे होण्याची मुभा मानकानेच दिलेली आहे.

खरा घोळ जोडणीत होतो.

थर्मोकपल फक्त दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो. त्यात कंट्रोलर स्वतःजवळचे तापमान मिळवतो. म्हणून भट्टीपासून कंट्रोलरपर्यंत त्याच जातीची खास केबल लागते. तिथे साधी तांब्याची वायर ओढली, भट्टीजवळचा जोड ६० अंशांवर आणि कंट्रोलर ३० अंशांवर असला, तर मधले ३० अंश हिशेबातून गळतात. पडद्यावर ७३० दिसते, आत ७६० असते. खास केबलच उलटी जोडली गेली, तर चूक दुप्पट. अमेरिकन रंगपद्धतीत लाल तार ऋण असते. लाल म्हणजे धन, या सवयीने काम करणारा वायरमन इथे हमखास फसतो.

तार तुटली तर कंट्रोलर बोंब मारतो, पण बिघडत चालली तर गप्प राहतो. ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत ८०० अंशांच्या वर क्रोमेलमधले क्रोमियम जळते, तारेवर हिरवट थर चढतो आणि आकडा घसरतो. पोलाद कठीण करणाऱ्या भट्ट्यांना हा धोका मोठा. जुना थर्मोकपल काढून प्रयोगशाळेत पाठवणेही पुरेसे नाही. विद्युतदाब जोडाच्या ठिपक्यात नव्हे, तर तार जिथे गरमकडून थंडकडे जाते त्या लांबीत तयार होतो. वापरलेली तार दुसऱ्या भट्टीत, वेगळ्या खोलीवर घातली की वेगळाच आकडा देते.

म्हणून तपासणी भट्टीवरच व्हायला हवी. एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेतून प्रमाणित केलेला नवा थर्मोकपल जुन्याशेजारी बसवून दोन्ही आकडे वहीत लिहिणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. एकट्या गाळ्याला हा खर्च जड वाटतो. मग अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी असा एक संच सामाईक घ्यावा, तो आळीपाळीने प्रत्येक भट्टीवर फिरवावा आणि थर्मोकपल तुटण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला बदलण्याचा नियम करावा. वायरमनला केबलचे रंग शिकवण्यापासून सुरुवात केली, तर त्याला खर्चही लागणार नाही.