मानेची चकती बदलावी का?

‘मानेची चकती खराब झाली आहे, कृत्रिम बसवू,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात दोनच मते पडतात. एक म्हणते, लगेच करून टाका. दुसरे म्हणते, मानेला हात लावू देऊ नका. आम्हाला वाटते, दोन्ही घाईची आहेत.

मानेत सात मणके असतात आणि दुसऱ्यापासून खाली दर दोन मणक्यांमध्ये एक मऊ चकती असते. ती सरकली की नस दाबते. मग खांद्यापासून बोटांपर्यंत कळ आणि मुंग्या येतात. मात्र चाळिशीनंतर काहीच त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही झिजलेली चकती दिसते. म्हणून निर्णय त्रासावर घ्यावा, नुसत्या अहवालावर नको.

फक्त नस दाबली असेल तर औषधे आणि व्यायामाने बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. तेवढा सब्र करावा. पण हाताची ताकद कमी होत असेल, बटणे लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर दाब मज्जारज्जूवर असू शकतो. तेव्हा एक दिवसही थांबू नये. आणि सलूनमध्ये मान मोडून घेणे तर कधीच नको.

शस्त्रक्रियेत गळ्याच्या पुढच्या बाजूने खराब चकती काढतात. मग दोन मणके जोडतात किंवा हलणारी कृत्रिम चकती बसवतात. जोडणीची पद्धत १९५० च्या दशकापासून आहे. अमेरिकेत मानेच्या कृत्रिम चकतीला पहिली सरकारी मंजुरी २००७ मध्ये मिळाली. नसेवरचा दाब दोन्हींत निघतो.

‘जोडणी केली तर सलाम फेरता येणार नाही’ ही भीती आम्ही ऐकतो. मान वळण्याचे जवळपास निम्मे काम वरचे दोन मणके करतात. चकत्या बहुधा खालच्या खराब होतात. एकच जोड झाला तर मान वळते. कृत्रिम चकतीने त्या जागेची हालचाल टिकते, पण हाडे ठिसूळ असतील किंवा मणक्यांचे मागचे सांधे फार झिजले असतील तर ती चालत नाही.

डॉक्टरांना विचारा: शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? माझ्या मानेला यापैकी कोणती योग्य आणि का? आवाज बसणे, गिळायला त्रास होणे किती दिवस राहू शकते? सजदा कधीपासून करता येईल? खर्च किती आणि विमा त्यातले किती देईल, हे लेखी घ्या. एमआरआय दुसऱ्या मणकातज्ज्ञालाही दाखवा.

मशवरा घरात सर्वांनी करावा, पण दुखणाऱ्याचे म्हणणे आधी ऐकावे. अम्मीचा हात बधिर होत असताना ‘लग्न उरकू दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्या घरांना आमची एवढीच विनंती: तारीख लग्नाची नव्हे, आधी तपासणीची ठरवा.